पौर्णीच्या नावाचा हेल

अन्याय झाला तो प्रयागबाई मारोती सोनकांबळे या नटीवर. ती माझी माय. झाला कधी, तर माझी बारावीची परीक्षा संपली त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, दुपारी बाराच्या खेळाला, मध्यंतर संपून लोक वेफरच्या पुड्या घेऊन परत खुर्च्यांवर टेकत होते तेव्हा. जागा लातूर. हे आधीच लिहून मोकळी होते. आत्मकथन लिहिणारी माणसं पहिली वीस पानं जन्म, गाव, कूळ यात घालवतात आणि गुन्हा कुठंतरी मधेच दडून बसतो. मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकात कुणावर, केव्हा, काय झालं ते वरच आलं पाहिजे, नाहीतर घेणारा त्यात भजी गुंडाळतो.

आम्ही अहमदपूरचे. एसटी स्टँडच्या मागं आमचं बुद्धनगर, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, डेपोत मेकॅनिक. स्टँडावरच्या भोंग्यातून जळकोटची गाडी, शिरूर अनंतपाळची गाडी असा पुकारा व्हायचा तो थेट आमच्या चुलीपर्यंत यायचा आणि माय भाकरी थापता थापता त्या पुकारणाऱ्याची हुबेहूब नक्कल करायची. त्याचा सर्दीचा आवाज, मधेच थुंकायला थांबणं, सगळं. एकदा तिची नक्कल ऐकून शेजारचे पाहुणे पिशव्या उचलून खरंच स्टँडकडं पळाले होते. विहारात वंदना तीच घ्यायची. जयंतीला जलशात पहिलं गाणं तिचंच. तिचा आवाज गोड वगैरे नव्हता. तो जाड होता, थोडा फाटलेला, आणि लांबून येऊन शेजारी बसल्यासारखा वाटायचा. नांदेडला नाटकाच्या स्पर्धेत तिनं म्हातारीचं काम केलं, तिथं एका मास्तरांनी तिला हेरलं, आणि पुढं त्यांच्याच ओळखीनं ती मालिकांत गेली. आप्पांनी अडवलं नाही. वस्तीत लोक म्हणाले, मारोतीनं बायको मुंबईला धाडली. आप्पा म्हणाले, "धाडली न्हाई. गेली. मी डबा बांधून दिला."

तिला कामं कोणती मिळाली ते ऐका. मोलकरीण. दवाखान्यातली आया. भाजीवाली. पोलीस चौकीच्या बाहेर बसलेली बाई. जिच्या मुलीवर काहीतरी अत्याचार झालाय अशी आई. तिच्या पात्रांना नावं नसायची. तिच्या स्वतःच्या नावाचंही त्यांनी 'प्रयाग एस.' करून टाकलं. आडनाव लांब होतं म्हणे. मालिकेतल्या मालकिणीचं आडनाव त्याहून लांब होतं, ते पडद्यावरच्या नावांच्या पाटीवर बसलं. तरी माय एकेक वाक्य असं तयार करायची की जणू त्यावरच मालिका उभी आहे. कामाच्या मधे ती घरी आली की सकाळी आप्पा सुशीला खात बसलेले असायचे. सुशीला म्हणजे आमच्याकडची भिजवलेल्या मुरमुऱ्यांची न्याहारी, वर शेंगदाण्याचं कूट. तोंडात घास धरून आप्पा बारीक आवाजात मालकिणीची वाक्यं वाचायचे. "अगं ए, पाहुण्यांना चहा नको का?" आणि माय चुलीसमोरून, "ठेवलाय, ताईसाहेब." मग तेच पुन्हा, थकून. पुन्हा, रागानं. पुन्हा, लेकरू आजारी असल्यासारखं. मी आणि माझी धाकटी बहीण पौर्णिमा हसून हसून लोळायचो.

मालिका लागली की आमच्या घरात गर्दी. शेजारची काशीमावशी सगळ्यात पुढं. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "प्रयागा, तितं बी भांडीच घासून राहिलीस व्हय गं? मंग इतकं लांब कामून गेलीस? माझ्या घरी ये की, ढीग पडलाय."

"तुझ्या घरी क्यामेरा हाय का? लाव, येते," माय म्हणायची.

बायका हसायच्या. मीही हसायचे. आता त्या हसण्याकडं बघितलं की अंगाची आग होते, पण ती काशीमावशीवर नाही. तिनं विनोद केला. ज्यांनी एका बाईला वर्षानुवर्षं फक्त भांडी घासायला उभं केलं, ते विनोद करत नव्हते.

मी सातवीत होते तेव्हा पौर्णिमा गेली. ती बुद्धपौर्णिमेला जन्मली म्हणून पौर्णिमा, आणि आमच्या तोंडी पौर्णी. ताप आला, वाढला, नांदेडच्या दवाखान्यात नेली, परत आणली ती चादरीत. दवाखान्यात नेली त्या सकाळी माय तिची वेणी घालत होती. एक वेणी झाली आणि पोरगी तिच्या मांडीवर कलंडली. दुसरी वेणी घालायची राहिली ती राहिलीच. अंगणात उतरवली तेव्हाही एका बाजूचे केस मोकळे होते.

आमच्या भागात बायका नुसत्या रडत नाहीत, हेल काढून रडतात. गेलेल्या माणसाला नावानं हाक मारायची, त्याचं काय काय राहून गेलं ते सुरात सांगायचं. ते कुणी शिकवत नाही आणि पाठही करत नाही. मायनं त्या दिवशी काढला तो हेल आमच्या वस्तीतली प्रत्येक बाई आजही सांगू शकते. "पौर्णे गंऽ, तुझी सुशीला थंड व्हाय लागली गंऽ. येकच येणी घातली गंऽ, दुसरी कुणाला घालू गंऽ." विहारातले एक म्हातारे म्हणाले, हे बंद करा, आता त्रिशरण घेऊ. काशीमावशी त्यांच्यावर धावून गेली. "घ्या की. तिचं झाल्यावर घ्या."

पुढं चार वर्षांनी सिनेमा आला. दिग्दर्शक तरुण होता, मायला प्रयागताई म्हणायचा, तिला बसायला खुर्ची द्यायचा. माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण वाईट माणसं असती तर हे प्रकरण सोपं झालं असतं. सिनेमात एक पोरगी विहिरीत पडून मरते आणि माय तिची आई. तीन प्रसंग. तिसरा, विहिरीच्या काठावर हेल काढून रडण्याचा. पहिल्यांदाच तिला असं काम मिळालं होतं की जे काढलं तर सिनेमा उभाच राहणार नाही. ती महिनाभर त्या कागदाला हात लावायच्या आधी पदराला हात पुसायची.

शूटिंग शिरूर अनंतपाळच्या पुढं एका गावात, दिवाळीच्या सुट्टीत. मी सोबत गेले. ज्यांच्या शेतात विहीर होती त्या घरच्या रुक्मिणबाई. मोठं शेत, मोठा बैलबारदाना, बोलायला चांगली बाई. आल्या आल्या तिनं मायला आडनाव विचारलं. चहा आला तेव्हा सगळ्यांना कपबशी होती आणि आम्हा दोघींना कागदी कप. मी मायकडं बघितलं. माय म्हणाली, "पी. थंड होतंय."

दुपारी विहिरीवर सगळं मांडलं. गाव गोळा झालं होतं, पोरं झाडावर, बायका बांधावर. माय हिरवं लुगडं नेसून काठावर बसली. सिनेमातल्या पोरीचं नाव होतं सुमन. दिग्दर्शकानं समजावून सांगितलं, ताई, सुमनच्या नावानं हाक मारत सुरू करा. ते ऐकलं आणि बांधावरून रुक्मिणबाई खाली उतरली. तिची लेक, दहा-अकरा वर्षांची, हातात पेरू घेऊन तिच्यामागं.

"ओ साहेब, हे नाव नका घेऊ. ही माझी सुमी हाय."

साहेब हसले. "अहो मावशी, खोटं आहे हे. सिनेमा आहे."

"खोटं असू द्या. जित्या लेकराच्या नावानं हेल काढत न्हाईत. माझ्या इहिरीवर तर न्हाईच न्हाई."

इकडचे लोक हे मानतात. कुणाच्या नावानं हेल काढला आणि त्या नावाचं माणूस जिवंत त्या जागी असलं, तर तो त्याला लागतो. आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा, आम्ही शकुन-अपशकुन काही मानत नव्हतो. मी तर अकरावीतच अंधश्रद्धेवर भाषण करून बक्षीस घेऊन बसले होते. मी मायच्या कानाशी लागले, "असलं काही नसतंय म्हणून सांग की तिला."

"नसतंय," माय म्हणाली. "मला ठाव हाय नसतंय. पर तिच्या मायला ठाव न्हाई ना. आता मी सुमी म्हणून रडले आन् उद्या पोरीला साधा ताप आला, तर ती बाई कशी झोपंल?"

दिग्दर्शकाचा उजेड चालला होता. तो म्हणाला, ताई, बघा काय ते, पण करा. कॅमेरा सुरू झाला. मायनं विहिरीकडं तोंड केलं. मग तिनं हाक मारली. "पौर्णे गंऽ."

कुणाही जिवंत पोरीला लागू नये म्हणून तिनं स्वतःच्या मेलेल्या पोरीचं नाव घेतलं. तिला आता काय लागणार होतं? आणि नाव घेतल्यावर मागचं सगळंच आलं. सुशीला आली, एक वेणी आली. कागदावर ह्यातलं काहीच नव्हतं. बांधावरच्या बायका खाली बसल्या. ज्या पोरानं कॅमेऱ्याची दोरी धरली होती त्यानं मान फिरवली. मी पेरू खात उभ्या असलेल्या त्या सुमीकडं बघत राहिले, कारण मायकडं बघणं मला जमत नव्हतं.

झाल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. रुक्मिणबाई घरात जाऊन तांब्या घेऊन आली. "पाणी पे, बाई." मायनं ओंजळ पुढं केली आणि तिनं वरून ओतलं. वरूनच ओतलं. तिचे डोळे लाल होते, पण तांब्या मायच्या ओठांना लागू दिला नाही. मी हे शब्दाशब्दानं लिहिते कारण पुढं लोक मला सांगतात की दुःखात सगळे सारखे होतात.

दिग्दर्शक आला. "ताई, कमाल. पण नाव पौर्णी घेतलंत. पुढच्या सगळ्या सीनमध्ये सुमन आहे."

"पोरगी तितंच उभी होती, साहेब."

"हरकत नाही. आवाज नंतर मुंबईत पुन्हा घ्यायचाच आहे. तुम्हाला बोलावतो. तेवढं नाव बदलून म्हणा."

घरी आल्यावर हीच चर्चा. आप्पा म्हणाले, बंद खोलीत म्हणायला काय झालं, तिथं कुठली सुमी?  दोन दिवसांनी माय भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्या इलाज काढलाय. नावच घ्यायचं न्हाई. 'पोरी गं' म्हणायचं. पोरगी तर सगळ्यायलाच असती. तोंडाला बी जमतंय, बगा." आणि तिनं आरशासमोर उभं राहून आवाज न करता ओठ हलवून दाखवले. मग रोज फोनची वाट. पुढचा पावसाळाही संपला, माझी बारावीची परीक्षा आली. फोन आला तो थेट सिनेमा लागतोय म्हणून.

बुद्धनगरातून टेम्पो केला. बायका धपाटी आणि कारळ्याची चटणी बांधून, ठेवणीतली लुगडी नेसून निघाल्या. टेम्पोत गाणी. थिएटरात काशीमावशी डोअरकीपरला म्हणाली, "हिरोईन आमच्याबरोबर आलीया, जरा उठून उभं ऱ्हा." तो खरंच उठला. माय लाजून पदरात हसली. तिला तसं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

मध्यंतरानंतर विहीर आली. हिरवं लुगडं आलं. पडद्यावर मायचं तोंड केवढं तरी मोठं, ओठावरची तडसुद्धा दिसत होती. ते ओठ मिटले, उघडले, गोल झाले. आणि आवाज आला, "सुमे गंऽ, माज्या सोन्या, कुटं गं गेलीस बाय माजेऽ."

बारीक आवाज. स्वच्छ. आमच्या वस्तीत काय, आमच्या जिल्ह्यात कुणी बोलत नाही अशी ती 'गावाकडची' भाषा. हाकेच्या पुढचे शब्दही सगळे बदललेले. पण तोंड? तोंड कसं बदलणार? मायचे ओठ पौर्णी म्हणत होते. वेणी म्हणत होते. सुशीला म्हणताना दात दिसले. आणि त्यावर कुणीतरी बाई सोन्या सोन्या करत होती.

आमच्या ओळीत धपाटं चघळणारी तोंडं थांबली. काशीमावशी उभी राहिली. "ए, हे कोण बोलून राहिलं? प्रयागा, हा तुझा आवाज न्हाई."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, बसा खाली. रडायचा सीन चाललाय."

"ती पौर्णी म्हणून राहिली! तोंड बगा की तिचं, आंधळ्याहो!"

"बसा म्हणलं ना."

मागं खरंच बायका रडत होत्या. नाक ओढायचे आवाज येत होते. त्या खोट्या आवाजावर त्या खरं रडत होत्या आणि त्यांना नीट रडता यावं म्हणून आम्हाला गप्प केलं जात होतं. मायनं काशीमावशीचा पदर ओढून तिला खाली बसवलं. मग स्वतःच्या पदराचा बोळा करून तोंडावर धरला. सिनेमा संपेपर्यंत तो काढला नाही. बाहेर उन्हात आल्यावर मी काहीतरी बडबडायला लागले तर म्हणाली, "लोक तर रडले की."

आप्पांनी फोन लावला. दिग्दर्शक नव्हता, त्याचा सहायक होता. आप्पांनी तेव्हा मला दुसऱ्या बाजूनं कान लावायला सांगितलं म्हणून मी ऐकलं ते जसंच्या तसं देते. "काका, नावाचा घोळ होता ना. आणि ताईंची भाषा आमच्या टीमला गावाकडची वाटत नव्हती हो."

"मंग कोणत्या गावाकडची पायजे होती?" आप्पांनी विचारलं.

"तसं नाही, प्रेक्षकांना कळायला पाहिजे. मुंबईत आहेत एक बाई, फार छान रडतात."

"अन् हिचं काय केलं? जे रडली ते?"

"ते नाही वापरलं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एवढंसुद्धा काही नव्हतं की शिवी घालावी.

त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. वहीच्या पानावर, लाल पेननं. मायनं वाचलं आणि पहिली ओळ खोडली, जिथं मी त्या मुंबईच्या बाईला चोर म्हटलं होतं. "ती बी कुणाची तरी बाई असंल. तिला मनले असतील रड. रडली. तिला काय ठाव पौर्णी कोण." पुढं सिनेमाच्या नावांच्या पाटीवर मी त्या बाईचं नाव शोधलं. नव्हतं. मायचं तोंड प्रयाग एस.च्या नावावर गेलं आणि त्या बाईचा आवाज कुणाच्याच नावावर गेला नाही. दोघींना मिळून त्यांनी एक बाई केली, आणि तीही अर्ध्या नावाची.

त्यानंतर माय कामाला जात राहिली, पण रडायचं काम घेईना. निरोप घेऊन येणारे म्हणायचे, प्रयागताई, मग तुमच्यासारख्या आईला दुसरं काय देणार? बरोबरच होतं त्यांचं. आमच्यासारख्या आईला हसायचं काम त्यांच्याकडं नव्हतंच. हळूहळू तिला नुसती मान हलवायची कामं उरली. ट्रे आणायचा, ठेवायचा, मान हलवायची. मग तीही संपली.

ते मी सहन केलं असतं. काशीमावशीचा नवरा वारला तो दिवस मला सहन झाला नाही. अंगण बायकांनी भरलं होतं आणि सगळ्या मायकडं बघत होत्या, कारण पहिला सूर नेहमी तिचा. माय काशीमावशीला धरून बसली होती. तोंडावर पदराचा तोच बोळा. काशीमावशीनंच शेवटी तिला हलवलं. "प्रयागा, काढ की गं. माझ्यासाठी काढ."

"निघंना, काशे," माय म्हणाली. "कवाचं बगून राहिले. निघंनाच."

घरी आल्यावर तिनं आप्पांना जे सांगितलं ते मी भिंतीला टेकून ऐकलं. "ते येकदाच असतंय वो. पौर्णीसाठी काढलं. मंग त्या सुमीला लागू नाही म्हणून पुन्यांदा काढलं, ते त्यायला दिऊन टाकलं. त्यायनी फेकलं. आता माझ्याजवळ न्हाई." विहारात वंदनाही तिनं सोडली. आज नांदेडला माझ्या घरी ती राहते, बोलते, माझ्या नवऱ्याची नक्कल करते, नातवाला रागावते. पण सूर नाही. माझ्यासारख्या मोर्चात घसा फोडणाऱ्या पोरीच्या घरात तिचं ते नसणं रोज ऐकू येतं.

तो सिनेमा आता टीव्हीवर लागतो. सणासुदीला, दुपारी, जाहिरातींच्या मधे. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, त्यांची जाहिरात मी का करू? लागला की माय हातातलं काम टाकून येते आणि विहिरीचा प्रसंग यायच्या आधी आवाज पूर्ण बंद करते. मग टीव्हीच्या अगदी जवळ, मुलांना आपण रागावतो तेवढ्या जवळ, उभी राहून स्वतःच्या ओठांकडं बघते. पहिल्यांदा मला वाटलं ती स्वतःला छळून घेतेय. नाही. ती पौर्णीला हाक मारणारी बाई बघते. जगात तेवढीच एक जागा उरलीय जिथं ती हाक अजून चालू आहे, आणि ती मुकी आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. विनंती करत नाही, सांगते. तुमच्याही घरी तो सिनेमा लागेल. मराठवाड्यातलं एक शेत दिसेल, विहीर दिसेल, हिरव्या लुगड्यातली बाई काठावर बसलेली दिसेल. रडू नका. तुमचं रडणं आम्हाला नको, ते लातूरला आम्ही भरपूर ऐकलंय. उठा, रिमोट घ्या, तो आवाज बंद करा. घरातल्यांना बोलावून त्या बाईच्या तोंडाकडं बघायला लावा. आणि तिचे ओठ जे नाव घेताना दिसतील, ते तुम्ही मोठ्यानं घ्या.